'साभार परत' आणि इस्लाह

मराठीत लिहू पाहणाऱ्या माणसाला दोन शब्द फार लवकर पाठ होतात, 'साभार परत'. संपादकाने लेखन नाकारले की ते या दोन शब्दांची चिठ्ठी घेऊन लेखकाच्या दारी परत येते. 'साभार' म्हणजे आभार मानून. पण आभार कशाचे आणि परत कशासाठी, हे चिठ्ठीत लिहिलेले नसते. 'दर्पण' १८३२ साली निघाले तेव्हापासून छापणारा आणि छापून घेऊ पाहणारा असे दोन पक्ष मराठीत उभे राहिले. पुढे मासिके वाढली, लिहिणारे त्याहून अधिक वाढले आणि ही चिठ्ठी आपल्या वाङ्मयव्यवहाराची एक रीत होऊन बसली. कित्येकांच्या लेखनाची सुरुवात तिच्यापासून झाली. त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या लेखनाचा शेवट तिथेच झाला. त्यांची नावे कोणत्याच वाङ्मयेतिहासात सापडणार नाहीत.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे याच व्यवहाराचा दुसरा एक शब्द आमच्या कानावर लहानपणापासून आहे. तो शब्द 'इस्लाह'. इस्लाह म्हणजे सुधारणा, दुरुस्ती. 'सुलह' म्हणजे समेट, हा शब्द त्याच मूळ धातूचा आणि मराठीने आपलासा केलेला 'सल्ला' हाही त्याच घराण्यातला. उर्दू शायरीत नवशिक्याने आपली गझल उस्तादाकडे न्यायची, उस्तादाने तिच्यावर कलम चालवायची, एखादा शेर काटायचा, एखाद्या शब्दाच्या जागी दुसरा सुचवायचा आणि कागद शागिर्दाला परत द्यायचा, याला इस्लाह म्हणतात. कागद इथेही परतच येतो. पण तो येतो तेव्हा त्यावर दुसऱ्याच्या हाताची शाई असते. नकार पचवून लिहीत राहण्याची गोष्ट निघाली की आपण जिद्द, चिकाटी, निश्चय यांवर व्याख्यान देऊन मोकळे होतो. परंतु इतिहास थोडा वेगळे सांगतो. जे टिकले त्यांतल्या अनेकांच्या परत आलेल्या कागदावर कोणी तरी दोन ओळी लिहिल्या होत्या. तोच इतिहास इथे थोडक्यात मांडायचा आहे.

सुरुवात गालिबपासून करू. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) यांनाही नकार चुकला नव्हता. तरुणपणी ते बेदिलच्या वळणाने इतके अवघड लिहीत की मुशायऱ्यांत लोक त्यांची टर उडवीत. गालिबनी टर उडवणाऱ्यांना उत्तरे दिली. पण पुढे आपल्याच पुष्कळ शेरांवर फुली मारून त्यांना दीवानातून बाहेरही ठेवले. त्यांचा उर्दू दीवान १८४१ साली छापून निघाला तो असा निवडून, गाळून. वगळलेला बराच मजकूर १८२१ सालच्या एका हस्तलिखितात राहिला होता. तो 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने भोपाळहून १९२१ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी प्रसिद्ध झाला. कवीने स्वतःच स्वतःला केलेले हे 'साभार परत' होते! नकार हा नेहमी अन्यायच असतो असे मानणाऱ्या आपल्यातल्या हळव्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे हेच गालिब उस्ताद झाले. १८५४ साली हिंदुस्थानभर टपालाची एकसारख्या दराची तिकिटे सुरू झाली आणि अर्ध्या आण्यात पत्र दूरच्या गावी जाऊ लागले. गालिबची पत्रे उर्दू गद्याचा मानदंड मानली जातात. त्यांतली पुष्कळशी शागिर्दांना लिहिलेली आहेत. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' यांची रचना टपालाने दिल्लीला येई आणि इस्लाह होऊन परत जाई. हा शब्द इथे का बसत नाही, हा वाक्प्रचार कोणत्या जुन्या कवीने वापरला आहे, हे गालिब कारणांसह सांगत. एका कायस्थ हिंदू शागिर्दाला ते प्रेमाने 'मिर्झा तफ्ता' म्हणत. इस्लाहच्या नात्यात धर्म आडवा येत नव्हता. शागिर्दाची मेहनत तेवढी बघितली जाई. याचा अर्थ गालिब प्रत्येकाला उत्तेजन देत असा मात्र नाही. अल्ताफ हुसेन हाली यांनी 'यादगार-ए-गालिब' (१८९७) मध्ये स्वतःचा अनुभव नोंदवला आहे. गालिब सहसा कोणाला शायरीच्या वाटेला जा असे म्हणत नसत, पण हालींची रचना पाहून, न लिहिल्यास तुम्ही स्वतःच्या वृत्तीवरच जुलूम कराल, अशा आशयाचे बोलले. सरसकट शाबासकी देणारा उस्ताद गालिबांत नव्हता, म्हणून त्या एका वाक्याला किंमत होती.

गालिबनंतरची पिढी दाग देहलवी (१८३१-१९०५) यांची. आयुष्याच्या उत्तरार्धात दाग हैदराबादेत निजाम मीर महबूब अली खान यांचे उस्ताद होते. म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्याच्या राजधानीत. त्यांच्याकडे देशभरातून टपालाने गझला येत. ज्यांनी उस्तादाचा चेहराही पाहिला नाही असे शेकडो लोक त्यांचे शागिर्द होते. अशातच दूर पंजाबातून एका विद्यार्थ्याच्या गझला येऊ लागल्या. तो विद्यार्थी म्हणजे सियालकोटचे मुहम्मद इक्बाल. 'बांग-ए-दरा' (१९२४) या संग्रहाला शेख अब्दुल कादिर यांची प्रस्तावना आहे. तीत ही हकीकत येते. काही दिवस इस्लाह केल्यावर दागनी कळवून टाकले, की आता तुमच्या रचनेत दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नाही. हे नाते थोड्याच दिवसांचे होते, पण त्याची आठवण दोन्ही बाजूंनी राहिली. हे अब्दुल कादिर स्वतः संपादक होते. त्यांचे 'मख्झन' मासिक १९०१ साली लाहोरहून सुरू झाले आणि इक्बाल यांची हिमालयावरील कविता त्याच्या पहिल्या अंकात आली. आधी उस्ताद, मग संपादक! नवा कवी या दोन पायऱ्यांवरून वर चढला.

उस्ताद-शागिर्द परंपरेचे आम्ही गोडवेच गात बसणार नाही. तिच्यात दोषही मोठे होते. उस्तादाची री ओढणारे पोपट तिने ढिगाने तयार केले. उस्तादांच्या तंट्यात शागिर्दांच्या फौजा लढल्या. घराबाहेर न पडू शकणाऱ्या बाईला आणि अक्षरओळख नसलेल्या कष्टकऱ्याला ती उपयोगाची नव्हती. पण एक गोष्ट तिने मान्य केली होती. लिहिणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ज्याला येते त्याने दुसऱ्याला ते सांगितले पाहिजे. मराठीत प्रतिभा 'उपजत' असते या समजुतीचा पगडा जबर. मग ज्याला उपजत नाही त्याला कारण तरी कशाला सांगायचे?

मराठीला ही परंपरा परकी मात्र नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवणारे माधवराव पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन (१८९४-१९३९) यांनी फारसी-मराठी कोश १९२५ साली तयार केला आणि 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ साली दिला. फारसी वृत्ते मराठीत कशी चालतात हे त्यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात शास्त्र म्हणून मांडले. वृत्त आले, पण गझल पुरती आली नाही. गझलेचा प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते. ते अंग मराठीत रुजायला आणखी काही दशके लागली आणि रुजवणारा माणूस निघाला आपल्या विदर्भातला.

सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला जन्मले. अडीच वर्षांचे असताना पोलिओने पाय गेला. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास होऊन १९५५ साली ते पदवीधर झाले. पहिला संग्रह 'रूपगंधा' १९६१ साली निघाला आणि दुसरा 'रंग माझा वेगळा' १९७४ साली. मध्ये तेरा वर्षे! 'रूपगंधा'ची प्रत संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांना जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे मिळाली आणि मग त्यांनी या कवीचा शोध घेतला, असे सांगितले जाते. आज ज्यांची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत, त्यांचे पहिले पुस्तक रद्दीच्या वाटेला लागले होते. गझल हा परक्या मातीचा वेल, तो मराठीत कसा धरणार, असे म्हणणारेही पुष्कळ होते. भटांनी त्यांच्याशी वाद घातला, गावोगाव जाऊन गझल ऐकवली, १९८३ साली 'एल्गार' दिला आणि स्वतःच्या लेखनाइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम केले.

ते काम म्हणजे 'गझलेची बाराखडी'. गझल लिहू पाहणाऱ्या नवोदितांसाठी भटांनी ही छोटी पुस्तिका लिहिली आणि पत्र पाठवणाऱ्यांना ती टपालाने पाठवली. मतला म्हणजे काय, रदीफ आणि काफिया कसे ओळखायचे, अलामत का सांभाळायची, हे सगळे साध्या मराठीत. उदाहरणार्थ 'वारा', 'तारा', 'पसारा' हे काफिये घेतले तर 'रा'च्या आधीचा 'आ' हा स्वर म्हणजे अलामत. तिथे 'चेहरा' आणला की अलामत मोडली. नवशिक्याला आपली ओळ का खटकते हे ठाऊक नसते. बाराखडी हातात आली की ते त्याचे त्यालाच दिसते. दागच्या दरबारातून टपालाने जाणारी इस्लाह मराठीत आली ती अशी, विदर्भातून आणि टपालानेच! १४ मार्च २००३ रोजी भट गेले, तोवर गझल लिहिणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात उभी राहिली होती.

त्याच वाटेवर पुढे इलाही जमादार भेटतात. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे, १ मार्च १९४६ चा जन्म. 'जखमा अशा सुगंधी' हा त्यांचा संग्रह मराठी गझलेच्या वाचकाला सांगायला नको. हे इलाही नवोदितांसाठी 'इलाही गझल क्लिनिक' नावाची कार्यशाळा घेत. नाव गमतीचे आहे, पण अर्थ नेमका आहे. दवाखान्यात आजाऱ्याला 'साभार परत' पाठवत नाहीत, त्याची नाडी बघतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी इलाही गेले. मराठी मुसलमानाने मराठी भाषेला काय दिले, असे विचारणाऱ्याला त्यांच्या कवितेबरोबर हे क्लिनिकही दाखवावे.

आता मासिकांकडे वळू. 'सत्यकथा' हे १९३३ साली सुरू होऊन १९८२ साली बंद पडलेले मासिक. नकाराची गोष्ट निघाली की त्याचे नाव निघतेच. साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची होळी केली. अनियतकालिकांची चळवळ ही बरीचशी त्या बंद दाराविरुद्धची चळवळ होती. परंतु न्यायाने बोलायचे तर याच मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी अनेक लेखकांना सविस्तर पत्रे लिहिली, कथा पुन्हा पुन्हा लिहून घेतल्या. म्हणजे इस्लाह तिथेही होती. ज्यांना ती मिळाली ते घडले. ज्यांची भाषा, वस्ती आणि जगणे संपादकांच्या परिचयाचे नव्हते त्यांच्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही. तक्रारीचे खरे मूळ इथे आहे.

त्यावरचे उत्तर तेव्हाच्या औरंगाबादेत सापडले. नागपूरला जन्मलेले प्रा. गंगाधर पानतावणे (१९३७-२०१८) यांनी तिथून 'अस्मितादर्श' चालवले. पहिल्यांदाच लेखणी धरणाऱ्या दलित तरुणांना त्यांनी पाने दिली आणि लेखक-वाचक मेळावे भरवून लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यासमोर बसवले. घरात आधी कोणी लिहिलेले नाही अशा मुलाला, तुझे हे चांगले आणि हे कच्चे, असे तोंडावर सांगणारे माणूस मिळाले. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना विद्रोहाची चर्चा भरपूर होते, या मेहनतीची तेवढी होत नाही.

मुस्लिम मराठी लेखकांचे काय? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला त्याला पावणेचारशे वर्षे झाली. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' हा अख्खा ग्रंथ लिहून ही परंपरा दाखवून दिली. तरीही 'तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता?' हा प्रश्न आम्हाला अजून ऐकावा लागतो. १९९० या वर्षात दोन गोष्टी घडल्या. पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांना मिळाले आणि सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. काहींनी तेव्हा विचारले, एक मुसलमान मोठ्या संमेलनाचा अध्यक्ष होत असताना वेगळ्या चुलीची गरज काय? गरज होती. अध्यक्षपद एका विद्वानाला मिळते. गावातल्या नवशिक्याला मात्र आपले कच्चे लेखन घेऊन बसायला सतरंजी हवी असते. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अंथरली.

आता आमच्या सिहोऱ्याचे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले हे गाव. भोवती धानाच्या बांध्या, बावनथडीपलीकडे मध्य प्रदेश. बाजारात हिंदी चालते, शेतात झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि आमच्या घरात या सगळ्यांची खिचडी झालेली उर्दू. असे लोक लिहायला बसले की नकार दोन्हीकडून येतो. आमच्यापैकी एकाचा मराठी लेख एका मासिकाकडून परत आला, तेव्हा 'बांधी' आणि 'परे' या शब्दांखाली लाल रेघ होती आणि शेवटी 'भाषा सदोष' एवढाच शेरा. धानाच्या रोपांना आमच्याकडे परेच म्हणतात. तेच लेखन उर्दूत उतरवून पाठवले, तर तिकडून कळले की ही जबान 'फसीह' नाही. इकडे शुद्ध नाही आणि तिकडे फसीह नाही! मग आम्ही लिहायचे कोणत्या भाषेत?

याचेही उत्तर आमच्याच जिल्ह्यात तयार झाले. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. हे अडाणीपण नाही, हा त्या बोलीचा नियम आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घालून दाखवले. बोलीचा शब्दसंग्रह केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने उभी केली. लाल रेघेखालचा शब्द कोशात गेला की त्याची चूक होत नाही. ही संपूर्ण बोलीची इस्लाह म्हटली पाहिजे, आणि ती लिहिणाऱ्याची नसून वाचणाऱ्याच्या कानाची आहे.

आम्ही चौघे-पाच जण महिन्यातून एका रविवारी बसतो. प्रत्येकाने आपले एक पान वाचायचे. नियम एकच. नुसते 'वाहवा' चालणार नाही आणि नुसते 'जमले नाही'ही चालणार नाही, कारण सांगावे लागेल. हाच नियम आम्ही वर्गात नेला. सातवीच्या एका मुलीने मराठीच्या निबंधात लिहिले होते, 'पाऊस आला आणि शेतकरी आनंदी झाला.' बी. एड.ला शिकवलेल्या पद्धतीने तपासले तर या वाक्याला पूर्ण गुण. आम्ही तिला विचारले, तो आनंदी झाला हे तुला कसे कळले? तिने विचार केला आणि दुसऱ्या दिवशी लिहून आणले, 'बांधीत पाणी भरलं तसे अब्बा रोवणीच्या बायांना सांगायला निघाले. चप्पल घालायचीसुद्धा विसरले.' तिचे पहिले वाक्य आम्ही परतच केले होते. पण सोबत एक प्रश्न दिला होता.

वाचकहो, आजचा काळ 'साभार परत'चाही राहिलेला नाही. लेखन ई-मेलने जाते आणि उत्तर येतच नाही. मोबाईलवरच्या समूहांत मात्र सगळ्याच कवितांना टाळ्यांची चित्रे मिळतात. एकीकडे शुकशुकाट, दुसरीकडे फुकटची वाहवा. लिहू पाहणाऱ्याचे या दोन्हींनी सारखेच नुकसान होते, कारण दोन्हींत कारण नाही. संपादकांकडे ढीग असतो, वेळ नसतो, हे आम्हाला मान्य आहे. शाळेत साठ वह्या आम्हीही तपासतो. पण साठांतल्या निदान दहा वह्यांत दोन ओळी लिहिता येतात, हेही आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून नवोदितांना आमचे सांगणे एवढेच. लेखन परत आले तर तेच पाकीट त्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावर टाकू नका. चिकाटी म्हणजे नुसते पत्ते बदलणे नव्हे. आधी गावात, तालुक्यात, शाळेत असा एक माणूस शोधा जो कारण सांगेल, आणि त्याने ओळ काटली तर त्याच्यावर रुसू नका. कोणी नसेल तर गालिबसारखे स्वतःच्याच शेरावर फुली मारायला शिका. आणि ज्यांचे एक तरी पान कुठे छापून आले आहे, आमच्यासकट त्या सगळ्यांवर एक कर्ज आहे. वर्षाकाठी निदान एका अनोळखी माणसाचा कागद नीट वाचावा आणि त्यावर आपल्या हाताने दोन ओळी लिहून तो परत करावा. या वार्षिकाकडे येणाऱ्या पाकिटांपासूनच सुरुवात करायला काय हरकत आहे?